मुलं मला आवडतात, पण मुलांना मी आवडत नाही

पत्र:

ताई, मी नर्सिंगच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहान मुलांची नर्स व्हायचं म्हणूनच या अभ्यासक्रमाला आले. घरातली, शेजारपाजारची मुलं पहिल्यापासून माझ्याच मागे मागे असायची. गेल्या महिन्यात बालरुग्ण विभागात पहिली पोस्टिंग झाली आणि सगळंच बिनसलं. चार वर्षांच्या एका मुलाला सलाईन लावायचं होतं. त्याला आडवं करून हात मी धरले होते. ‘काही नाही होणार हं, बघ, झालंसुद्धा,’ असं मीच त्याला सांगत होते. दोनदा शीर हुकली, तिसऱ्यांदा मिळाली. त्यानंतर मी नुसती दारात दिसले तरी तो आईच्या कुशीत तोंड खुपसून रडायला लागायचा, अगदी पोस्टिंग संपेपर्यंत. मीही बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसरं म्हणजे, एका बाळाच्या आईने सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुला स्वतःला मूल आहे का?’ मला उत्तरच सुचलं नाही. औषधांच्या गणिताच्या चाचणीतही नापास झाले, पण ती दशांश चिन्हाची एक चूक होती आणि चाचणी पुन्हा देता येते, त्यामुळे त्याचं एवढं काही नाही. मैत्रिणी म्हणतात, मोठ्यांच्या वॉर्डात जा, तिथे निदान पेशंट तुला बघून रडणार नाहीत. मी खरंच या कामाची आहे का?
— वॉर्डातली खलनायिका

उत्तर:

खलनायिके (सही तूच निवडलीस, मग हाकही तीच),

तू तीन गोष्टी लिहिल्यास. मुलाचं रडणं सगळ्यात वर, आईचा टोमणा मधे आणि गणित अगदी तळाला, तेसुद्धा ‘एवढं काही नाही’ म्हणून. मी मुलांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलं, पुढे तुझ्यासारख्या मुलामुलींना शिकवलंही. मला विचारशील तर हा क्रम नेमका उलटा हवा. म्हणून सुरुवात गणितापासूनच.

मोठ्यांच्या वॉर्डात बरीचशी औषधं ठरलेल्या मापात येतात. एक गोळी, अर्धी गोळी, एक अँप्यूल. तिथे दहापट चूक करायची म्हटली तर दहा गोळ्या तळहातावर ओताव्या लागतात, आणि तेवढ्यात कुणाचाही हात थांबतो. लहान मुलांच्या बाबतीत हात थांबवणारं असं काही नसतं. अर्धा मिलिलिटर काय आणि पाच मिलिलिटर काय, दोन्ही एकाच सिरिंजमध्ये निमूट मावतात. म्हणून ‘दशांश चिन्हाची एक चूक’ ही मुलांच्या नर्सिंगमधली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात ओळखीची चूक आहे. तुझ्याकडून ती कागदावर झाली हे बरंच झालं. पण तिला किरकोळ म्हणू नकोस.

एक साधं उदाहरण घेऊ. मूल १२ किलोचं. पॅरासिटामॉलचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम लिहिलाय. म्हणजे १८० मिलिग्रॅम. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं. आता बाटली हातात घे. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असेल तर साडेसात मिलिलिटर द्यायचं. पण त्याच औषधाची दुसरी बाटली ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचीही येते, आणि तिच्यातून द्यायचं ते फक्त ३.६ मिलिलिटर. सवयीने साडेसात काढलंस तर मुलाला दुपटीहून जास्त औषध गेलं, आणि तरीही तुझा गुणाकार-भागाकार शंभर टक्के बरोबर होता! म्हणजे या गणितात आकडेमोड हा निम्माच भाग. उरलेला निम्मा म्हणजे बाटलीवरचं लेबल वाचणं, आणि ते प्रत्येक वेळी नव्याने वाचणं.

आकडेमोडीआधी अंदाज करायची सवय लाव. मोठ्या माणसाची पॅरासिटामॉलची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. १२ किलोच्या पोराला तुझ्या उत्तराप्रमाणे १८०० मिलिग्रॅम जात असतील, तर ते साडेतीन गोळ्यांपेक्षा जास्त झालं. कॅल्क्युलेटरला यात काही वावगं वाटणार नाही, तुला वाटायला हवं. वजन आईला विचारून लिहू नकोस, काट्यावर करून लिही, आणि किलोतच लिही. ०.५ मधलं पुढचं शून्य कधी गाळायचं नाही, आणि ५ लिहायचं असेल तर ५.० लिहायचं नाही, कारण टिंब पुसट झालं की त्याचे ५० होतात. मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिही. दोघींनी औषध तपासायचं असेल तर दोघींनी वेगवेगळं गणित करायचं आणि मग उत्तरं जुळवायची. ‘बघ गं, ३.६ बरोबर आहे ना?’ असं विचारलं की समोरची हो म्हणतेच. दमलेली असली तर आणखी लवकर म्हणते.

एवढं काटेकोर का, तर बाळाच्या अंगात चूक पचवायला जागाच कमी असते. नऊ महिने पूर्ण भरून जन्मलेल्या बाळात किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. तीन किलोच्या बाळात सगळं मिळून २४० मिलिलिटर, एक पेलाभर. तपासणीसाठी काढलेलं २ मिलिलिटर रक्त तुझ्या-माझ्या हिशेबात कुठेच नसतं, त्या बाळाच्या हिशेबात ते असतं. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात शीर मोकळी ठेवायला सोडलेलं पाणीसुद्धा दिवसभराच्या द्रवाच्या बेरजेत धरतात, ते उगीच नाही.

चाचणी पुन्हा होईपर्यंत रोज चार-पाच उदाहरणं सोडव. आधी अंदाज, मग कागदावर गणित, कॅल्क्युलेटर शेवटी. गणिताची धास्ती असलेल्या पुष्कळ मुली मी बघितल्यात, आणि पुढे वॉर्डात त्यांच्याच हातून औषध जाताना मी निर्धास्त असायचे. मला काळजी ‘मला येतं’ म्हणणाऱ्यांची असते.

आता ती आई.

‘तुला मूल आहे का?’ हा प्रश्न तुला एकटीला आलेला नाही. मुलांच्या वॉर्डातल्या प्रत्येक तरुण नर्सला तो कधी ना कधी येतो. ब्रदरना तर जरा जास्तच खोचकपणे येतो. याचं उत्तर सरळ आहे: ‘नाही. म्हणूनच तुम्हाला विचारते, एरवी हा कसा असतो?’ यात वरमण्यासारखं काही नाही. ती बाई रात्रभर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली असते. तिच्या बाळाला कुणीही येऊन हात लावतं, टोचतं, कागदावर काहीतरी लिहितं आणि निघून जातं. तिने आवाज चढवला तो तुझ्या वयावर नव्हता. तिला तिथे कुणी काही विचारत नव्हतं, त्याचा तो राग होता.

आणि तिला विचारणं हे नुसतं सौजन्यही नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या अनेक रुग्णालयांत आईवडिलांना मुलांजवळ थांबूच देत नसत. भेटीची वेळ अगदी मोजकी, कारण ते निघाले की मुलं रडतात आणि वॉर्डाची शिस्त मोडते. जेम्स रॉबर्टसन नावाच्या संशोधकाने १९५२ साली ब्रिटनमध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण करून दाखवलं. वॉर्डाच्या भाषेत जी मुलं ‘रुळली’ होती, ती खरं म्हणजे आशा सोडून गप्प झाली होती, असं त्याचं म्हणणं होतं. डॉक्टर-नर्स त्याच्यावर चांगलेच चिडले. पण १९५९ साली तिथल्या सरकारी समितीने, प्लॅट अहवालात, पालकांना केव्हाही येऊ द्यावं आणि लहान मुलांसोबत आईची राहण्याची सोय असावी अशी शिफारस केली. आज तुझ्या वॉर्डात आई खाटेशी बसलेली असते, त्यामागे हे भांडण आहे.

शिवाय तिला जे दिसतं ते मॉनिटरला दिसत नाही. ‘ताप तेवढाच आहे, पण आज हा माझ्याकडे बघत नाहीये’ असं आई म्हणाली तर ते चार्टवर लिही आणि लगेच इन्चार्ज सिस्टरला सांग. इंग्लंडमध्ये २०२३ पासून मुलांची प्रकृती ढासळतेय का हे ओळखण्यासाठी जो राष्ट्रीय तक्ता वापरतात, त्यात नाडी आणि श्वासाबरोबर पालकांना वाटणारी काळजीही नोंदवली जाते. तुझ्या रुग्णालयाच्या तक्त्यात तसा रकाना नसेल तर समासात लिही.

आता शेवटी तुझा तो चार वर्षांचा.

तो तुला बघून रडला यात त्याचं काहीच चुकलं नाही. तू सांगितलंस काही होणार नाही, आणि झालं. तेही तीनदा. त्याच्या जागी मी असते तर मीही तुझ्यावर विश्वास ठेवला नसता. तुला टोचणी लागली आहे ती त्याच्या रडण्याची, असं तू समजतेस. मला वाटतं ती त्या खोट्या वाक्याची आहे, आणि ती लागली हे चांगलं आहे. काहींना कधीच लागत नाही. पण नुसती टोचणी बाळगून पुढच्या मुलाला काही फायदा नाही. पद्धत बदलावी लागेल.

पुढच्या वेळी खरं सांग. ‘टोचणार आहे. दुखेल. मी पाच म्हणेपर्यंत हात दगडासारखा ठेवायचा. रडलास तरी चालेल, ओरडलास तरी चालेल, फक्त हात हलवायचा नाही.’ चार वर्षांच्या मुलाला हे कळतं. सांगायचं ते सुई टोचायच्या थोडंच आधी. तासभर आधी सांगितलंस तर तो तासभर घाबरेल. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र आधी सांगावं लागतं, त्याला प्रश्न विचारायचे असतात. आणि ‘शहाण्यासारखा वाग, नाहीतर आणखी एक सुई’ हे कुणी म्हणत असेल, मग ते बाबा असोत की वॉर्डबॉय, तिथल्या तिथे थांबव. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना आपण काहीतरी वाईट वागलो म्हणून आजारी पडलो, असं खरोखर वाटत असतं. त्यात आपण भर घालायची नाही.

त्याला आडवं पाडून चौघांनी दाबून धरणं ही सगळ्यात सोपी पद्धत वाटते आणि बहुतेक वेळा सगळ्यात वाईट ठरते. आईच्या मांडीवर, तिच्या छातीला छाती लावून, पाय तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना असं बसव. टोचायचा हात तिच्या काखेखालून मागे येतो, तेवढाच तू धरायचा. मुलाला ती मिठी वाटते, धरून ठेवल्यासारखं वाटत नाही, आणि लढायची वेळ न आल्याने हातही कमी हलतो. घाई नसेल तर त्वचा बधिर करणारं क्रीम मागून घे. ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, म्हणून डॉक्टर ट्रे घेऊन आल्यावर आठवून उपयोग नाही. सलाईन लावायला मुलाला उपचार-खोलीत ने. त्याची खाट टोचाटोचीपासून मोकळी ठेव, त्याला वॉर्डात एक तरी जागा बिनधोक हवी. दोनदा शीर हुकली तर ‘आता दुसऱ्या कुणाला बोलावू या का?’ हे विद्यार्थिनीनेही विचारायला हरकत नाही. सूर तेवढा नम्र ठेव. कपाळावर आठ्या पडतील, पडू देत.

तान्ह्या बाळांना हे सगळं कुठे कळतं, असं तुला कुणीतरी सांगेल. १९८० च्या दशकापर्यंत वैद्यकशास्त्रातही बऱ्याच जणांना तसंच वाटे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर पुरेशा वेदनाशामकाविना शस्त्रक्रिया होत. १९८७ साली डॉ. कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ज्या बाळांना वेदनाशामक नीट दिलं गेलं, त्यांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी आला आणि गुंतागुंतही कमी झाली. त्यामुळे टाचेतून रक्त काढताना बाळ आईच्या अंगावर पीत असेल तर त्याला उचलून घेऊ नकोस. पिऊ दे, तेही वेदनाशामकच आहे.

बोलता न येणाऱ्या मुलाचं दुखणं मोजायची एक पट्टी तुला अभ्यासक्रमात असेल, फ्लॅक नावाची. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, बेरीज दहापर्यंत. परीक्षेपुरती पाठ करू नकोस, वॉर्डात वापर. पण तिच्याही पलीकडे एक गोष्ट लक्षात ठेव, आणि ही मी तुझ्या पत्रातल्या सगळ्याच प्रश्नांच्या वर ठेवीन: रडणाऱ्या मुलाला निदान श्वास पुरतोय. घाबरायचं ते गप्प मुलाला. आजारी मूल बराच वेळ स्वतःला सावरून धरतं. नाडी वाढते, श्वास वाढतो, हातपाय गार पडतात, पण रक्तदाब जवळजवळ शेवटपर्यंत टिकून असतो. तो उतरला की सगळं फार झपाट्याने होतं. काल तुला बघून रडणारा आज तू सुई घेऊन आलीस तरी नुसता पडून राहिला, तर ‘बरं झालं, रुळला’ म्हणू नकोस. धाव.

श्वास मोजायचा तो मुलाला हात लावायच्या आधी. दारातूनच बघ, मूल आईच्या मांडीवर असताना. तिला सदरा वर करायला सांग आणि पोट वर-खाली होतं ते मोज. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस, कारण बाळांचा श्वास एका लयीत नसतो. मधेच भराभर, मधेच क्षणभर थांबतो. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला जलद श्वास म्हणते. नाकपुड्या फुलतायत का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय का, हेही त्याच मिनिटात बघून होतं. थर्मामीटर त्यानंतर. आधी थर्मामीटर लावलास की मूल रडणार, आणि मग मोजलेला श्वास रडण्याचा असणार.

वाढ आणि विकासाचा धडा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो. कोणत्या महिन्यात बसतं, कोणत्या महिन्यात दोन शब्द जोडतं, याचे तक्ते. तो कंटाळा काढून वाच. आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला बघून रडतं हे त्याच्या वाढीचं लक्षण आहे, तुझ्यावरचं मत नाही. हे ज्या नर्सला माहीत असतं ती बाळाला आईच्या मांडीवरून ओढून घेत नाही. आणि मुलांच्या वॉर्डात सोळा वर्षांचा मुलगाही येतो, त्याला ‘सोन्या’ म्हटलेलं अजिबात खपत नाही. त्याच्याशी बोलताना पडदा ओढ, आणि थोडा वेळ आईला बाहेर जाऊन यायला सांग. खरी तक्रार तो तेव्हाच सांगेल.

तू विचारलेलं नाहीस, पण पुढे येईलच म्हणून सांगते. एखाद्या दिवशी एखादं मूल जाईल. त्याची तयारी पुस्तकाने होत नाही. त्या दिवशी एकटीने घरी जाऊ नकोस. ट्यूटरशी किंवा त्या ड्यूटीवर असलेल्या कुणाशी तरी बोलूनच जा. रडू आलं तर येऊ दे.

राहिला वॉर्ड बदलण्याचा प्रश्न. ब्रिटनसारख्या काही देशांत मुलांचं नर्सिंग ही पदवीपासूनच वेगळी शाखा असते. इतर बऱ्याच ठिकाणी आधी सर्वसाधारण नर्सिंग आणि विशेष शिक्षण नंतर. तुझी पदवी दुसऱ्या प्रकारची असेल तर आज कसलाच निर्णय घ्यायचा नाहीये, मोठ्यांच्या वॉर्डातली पोस्टिंग तुला तशीही करावी लागेल. पहिल्या प्रकारची असेल तरीही एका पोस्टिंगवर शाखा सोडू नकोस. मुलांचं नर्सिंग म्हणजे फक्त सलाईनचा वॉर्ड नव्हे. ट्यूटरना भेटून पुढच्या वेळी लसीकरण, नवजात विभाग किंवा मुलांची ओपीडी मिळते का विचार. मधुमेह असलेल्या दहा वर्षांच्या मुलीला स्वतःचं इन्सुलिन स्वतः घ्यायला शिकवणारी नर्स बघ. तिच्याकडे मुलं हसत येतात असंही नाही, पण येतात. मैत्रिणींच्या सल्ल्याबद्दल एवढंच म्हणेन की मोठी माणसंसुद्धा रडतात. भिंतीकडे तोंड करून रडतात, म्हणून दिसत नाही.

दोन-तीन पोस्टिंगनंतरही सकाळी ड्यूटीला निघताना पोटात गोळा येत असेल तर मला पुन्हा लिही, मग शाखा बदलण्याबद्दल मोकळेपणाने बोलू. त्यात कमीपणा काही नाही. मात्र ते पत्र लिहिशील तेव्हा गणिताची चाचणी पास झालेली हवी, कारण शाखा कुठलीही घेतलीस तरी ती सुटणार नाही.

तोवर हे एक सोडवून पाठव: मूल १८ किलोचं, डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम, बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. किती मिलिलिटर? नुसतं उत्तर नको. आधी केलेला अंदाजही लिही.